मधल्या चित्रांचं काम ही हमाली नव्हे

ॲनिमेशनच्या धंद्यावर जिथे म्हणून चर्चासत्र भरतं, तिथे हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो. ॲनिमेशनमध्ये कल्पक काम थोडं आणि रटाळ काम फार, असं वक्ते सांगतात. पात्राच्या मुख्य पोझ काढणारा तो खरा कलावंत. त्या दोन पोझच्या मधली शेकडो चित्रं काढणारा इन-बिट्वीनर म्हणजे नुसता हात. हे हाताचं काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करील आणि कलावंत कल्पना करायला मोकळा होईल. मग याच दमात पुढचं वाक्य येतं: भारतानं इतकी वर्षं परदेशी स्टुडिओंची हीच हमाली केली, ती बंद पडली तर बिघडलं कुठे? आता आपण आपल्या गोष्टी सांगू, आपली पात्रं घडवू आणि त्यांचे हक्कही आपल्याकडे ठेवू.

यावर टाळ्या पडतात. मागच्या रांगांत बसलेली कॉलेजची मुलंही टाळ्या वाजवतात आणि मला त्यांचीच काळजी वाटते, कारण अशाच मुलांना मी ॲनिमेशन शिकवते. ज्या पायरीवरून त्यांना या कलेत शिरायचं आहे, ती पायरी काढून टाकायची घोषणा ऐकून ती टाळ्या वाजवत असतात. या युक्तिवादातलं थोडं चुकलं आणि थोडं बरोबर आहे, असं मी म्हणणार नाही. त्याचा पायाच चुकला आहे. ॲनिमेशनमधला अभिनय मधल्या चित्रांत असतो. ती चित्रं दुसऱ्यावर सोपवून कलावंत मोकळा होत नाही. पुढचा कलावंत तयारच होत नाही.

वर्गात मी देते तो एक सराव सांगते. दोन चित्रं माझी. पहिल्यात एक बाई जमिनीवर मांडी घालून बसली आहे, दुसऱ्यात ती उभी आहे. चेहरा ढोबळ, वय कळू नये असा. मधली चित्रं मुलांनी काढायची. मुलं दोन्ही कागद जागचे हलू न देणाऱ्या पेग बारला अडकवतात, वर कोरा कागद घेतात, खालचं दिसावं म्हणून लाइट बॉक्स लावतात आणि खालच्या दोन रेषांच्या बरोबर मधून तिसरी रेष ओढतात. मग पानं बोटांत धरून फ्लिप करतात, तेव्हा घोटाळा दिसतो. बाई उठत नाही, वर सरकते. वाटेत तिचे पाय आखूड होतात, कारण दुमडलेला पाय आणि सरळ पाय यांच्या बरोबर मधली रेष काढली तर तिथे पाय उरतच नाही. मान वळवायची असेल तर चेहरा मध्येच चपटा होतो. हिशेब बिनचूक असतो, पण पानांवर बाई नसते.

तिथून प्रश्न सुरू होतात. ही बाई कोण? अठरा वर्षांची असेल तर एका हाताचा टेकू, एक हिसका, की उभी. सत्तरीची असेल तर आधी मान पुढे येते, मग धड कलतं, उजवा तळवा जमिनीवर जातो, डावा गुडघ्यावर. बूड उचललं जातं आणि क्षणभर सगळं तिथेच थांबतं. इथे एकाला एक चिकटून चार-पाच चित्रं लागतात, जवळजवळ सारखीच, फक्त कोपर थरथरावं एवढ्या फरकाची. मग पाठ सरळ करायचा एक फसलेला प्रयत्न. मग उभं राहणं, आणि पदर सारखा करायच्या निमित्तानं दम घेणं. पहिलं आणि शेवटचं चित्र दोघींचं एकच आहे. वय, गुडघेदुखी, कोणी पाहतंय म्हणून आलेला संकोच, हे सगळं मधल्या पानांवर उतरतं. मग कल्पक काम कुठल्या पानांवर झालं?

जाणकार यावर म्हणतील की हे निर्णय सिनियर ॲनिमेटर घेतो. मुख्य चित्राच्या कडेला तो टायमिंग चार्ट आखून देतो आणि इन-बिट्वीनर त्याबरहुकूम चित्रं भरतो. चार्ट असतो, खरं आहे. पण कुठलं चित्र कुठल्या दोन चित्रांच्या मध्ये आणि कोणाच्या किती जवळ, एवढंच तो सांगतो. हात कुठल्या कमानीतून वर आला, हात थांबल्यावर पदराचं टोक किती वेळ मागे झुलत राहिलं, वजन कुठल्या टाचेवर गेलं, हे चार्टवर नसतं. ते पेन्सिल धरणाऱ्याला कळावं लागतं, आणि ज्याला कळत नाही त्याची चित्रं सिनियर परत पाठवतो. हे परत येणं हीच आमच्या धंद्यातली शाळा आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात आयुष्य घालवलेला नॉर्मन मॅक्लॅरेन तर असं मानायचा की एका फ्रेमवर काय आहे यापेक्षा दोन फ्रेमच्या मध्ये काय घडतं तेच ॲनिमेशनमध्ये महत्त्वाचं.

मधली चित्रं यंत्रानं काढायची ही कल्पनाही आजची नाही. मॅक्लॅरेनच्याच संस्थेत पीटर फोल्डेसनं 1974 साली ‘हंगर’ हा लघुपट केला. त्यात मुख्य चित्रं त्याची आणि मधला प्रवास संगणकाचा होता. आकार एकमेकांत वितळत जातात, आणि खादाडपणाच्या त्या भीषण गोष्टीला ते वितळणं शोभलंही. पण तोच हिशेब साध्या चालण्या-बोलण्याला लावायला गेलं की तो कोसळतो. का, ते एड कॅटमल यांनी 1978 साली एका शोधनिबंधात मांडलं. हेच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. ॲनिमेटरच्या डोक्यात पात्र अख्खं, घन असतं; कागदावर त्याची सपाट आकृती तेवढी उतरते. डाव्या गालामागे लपलेला कान पुढच्या चित्रात बाहेर यायचा आहे, हे चितारणाऱ्याला माहीत असतं, रेषेला नसतं. रेष पाहून मधली रेष काढणाऱ्या यंत्राकडे ही माहितीच नसते.

थ्रीडी आल्यावर ही अडचण सुटली, कारण पात्राची घन प्रतिमा संगणकातच असते. मग तिथे ॲनिमेटर मोकळा झाला का? कुठल्याही स्टुडिओत जाऊन पाहावं. दोन मुख्य पोझ दिल्या की सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम आपोआप भरतं, आणि ॲनिमेटर दिवसाचा मोठा भाग हालचालीचे आलेख दाखवणारा ग्राफ एडिटर उघडून ते आपोआप भरलेलं मोडण्यात घालवतो. सॉफ्टवेअरची हालचाल गुळगुळीत असते, आणि जिवंत माणूस गुळगुळीत हलत नाही.

2018 सालचा ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्यातलं जंगलातलं दृश्य आठवावं. झाडांमधून झोके घेत दोघं पळताहेत: मुरलेला स्पायडर-मॅन पीटर पार्कर आणि शिकाऊ माइल्स. पीटरची पोझ प्रत्येक फ्रेमला बदलते, सेकंदाला 24 वेळा. माइल्सची दोन फ्रेमला एकदा, सेकंदाला 12 वेळा. प्रेक्षकाला आकडे कळत नाहीत. हा पोरगा अजून अडखळतोय, मागे पडतोय, एवढं मात्र पोटात कळतं. पात्राचं सगळं शिकाऊपण तिथे मधल्या फ्रेम गाळून दाखवलं आहे. यंत्राच्या मर्जीवर सोडलं असतं तर त्यानं दोघांनाही सारखंच सफाईदार करून ठेवलं असतं.

या टप्प्यावर ‘तुम्ही यंत्राच्याच विरोधात आहात’ असा ठपका येतो, म्हणून स्पष्ट लिहिते. 1961 सालच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’साठी डिस्नेनं ॲनिमेटरच्या पेन्सिलरेषा थेट सेलच्या पारदर्शक पानावर उतरवणारं झेरॉक्सचं तंत्र वापरलं, आणि हातानं शाईकाम करणाऱ्या बायकांच्या नोकऱ्या गेल्या. 1990च्या ‘द रेस्क्युअर्स डाउन अंडर’पासून सेल रंगवणंही संगणकात गेलं. त्या बायकांचं कसब थोर होतं, त्यांची परवड झाली, आणि त्याबद्दल आजवर पुरेसं लिहिलं गेलेलं नाही. तरीही ही यंत्रं आणि आजचं यंत्र यांत मूलभूत भेद आहे. झेरॉक्सनं ॲनिमेटरनं काढलेली रेष जशीच्या तशी पुढे नेली. रंग भरणाऱ्या संगणकानं ठरलेला रंग ठरलेल्या जागी भरला. निर्णय आधी झालेला होता. यंत्रानं तो वाहून नेला. आजचं यंत्र निर्णयच घेतं. लाखो हालचाली पाहून जी सगळ्यात संभाव्य, ती ते पुढे ठेवतं. अनेक आज्यांची मिळून एक सरासरी आजी तयार होते. जी आजी आपल्याला दाखवायची होती, ती सरासरी नव्हती म्हणून तर तिची गोष्ट सांगायला घेतली.

2025च्या मार्चमध्ये जो तो आपला फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ‘जिब्ली शैली’त, म्हणजे जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या चित्रपटांसारखा, काढून घेत होता. आता कोणालाही ॲनिमेशन करता येईल याचा पुरावा म्हणून ती लाट दाखवली गेली. त्यात हललं मात्र काहीच नव्हतं. गोल चेहरे, मऊ रंग आणि हिरवळ ही जिब्लीची कातडी. त्या स्टुडिओचं खरं काम पाहायचं तर ‘द विंड रायझेस’ या 2013च्या चित्रपटातलं गर्दीचं एक दृश्य पाहावं. पडद्यावर ते अवघं 4 सेकंद आहे आणि एका ॲनिमेटरनं त्यावर एक वर्ष तीन महिने काम केलं. गर्दीतला एकेक माणूस स्वतःच्या घाईत आहे. हे पाहिल्यावर ‘रटाळ काम’ हे शब्द तोंडातून निघू नयेत. आणि यंत्राला ती शैली आली कुठून? कोणीतरी आयुष्यभर काढलेली चित्रं पाहिल्याशिवाय ती उचलता येत नाही. त्या चित्रांत नामवंत दिग्दर्शकाची चित्रं थोडी, आणि श्रेयनामावलीत बारीक अक्षरात सरकून गेलेल्या इन-बिट्वीनरांची फार. त्यांना कोणी विचारलं नाही.

खुद्द जिब्लीचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी या धंद्यात कसे आले, तेही पाहण्यासारखं आहे. 1963 साली ते जपानमधल्या तोएईच्या स्टुडिओत इन-बिट्वीनर म्हणून लागले. 1965 साली गलिव्हर अंतराळात जातो अशा कथेचा एक चित्रपट तिथे झाला. मियाझाकींना त्याचा शेवट पटेना. त्यांनी दुसरा सुचवला: यंत्रमानव राजकन्येच्या कवचातून शेवटी हाडामांसाची मुलगी बाहेर येते. तो शेवट चित्रपटात घेतला गेला. ज्याला आज व्यासपीठावरून ‘नुसता हात’ म्हणतात, त्या जागेवरच्या नवख्या पोरानं चित्रपटाचा अर्थ बदलला. तो बदलू शकला, कारण तो तिथे बसला होता. त्या पात्राची चित्रं त्याच्या हातावरून जात होती. मुळात ती जागाच नसती तर हा मुलगा कुठे बसला असता?

आपल्याकडेही वाट हीच होती. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली, आणि पैसे लावणाऱ्याचा विश्वास त्यांना त्या फितीनं मिळवून दिला. बी आणि रोप तर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फाळक्यांनी दाखवली ती मधली वाढ. पुढे 1956च्या सुमारास मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली ‘द बनियन डिअर’ तयार झाला आणि त्या तुकडीत राम मोहन होते. राम मोहन यांनी नंतर ‘शतरंज के खिलाडी’तला ॲनिमेशनचा भाग केला, युगो साको यांच्याबरोबर जपानी-भारतीय ‘रामायण’ केलं, युनिसेफची ‘मीना’ ही मालिका घडवली. त्यांच्या स्टुडिओत काम केलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलासंस्थेतून बाहेर पडलेल्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ एकेक फ्रेम हातानं रंगवून केला आणि 2006 साली कानच्या समीक्षक सप्ताहात त्याला पुरस्कार मिळाले. वीक्स, मोहन, राव. ही विद्या भाषणातून पोचली नाही; टेबलाला टेबल लावून पोचली.

आता हमालीच्या मुद्द्याकडे येते, कारण तो सगळ्यात जास्त टोचतो आणि त्यात एक खरी वेदना आहे. आमच्या मुलांनी रात्र-रात्र जागून परदेशी मालिकांची चित्रं काढली, अपुऱ्या पगारावर, नावाविना. 2013 साली ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं तेव्हा ते काम करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज दिवाळखोरीत निघाली होती, आणि तिच्या कामात मुंबई-हैदराबादचे हात होते. 2025च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही व्हिज्युअल इफेक्ट्सची कंपनी कोसळली आणि भारतातल्या हजारो कारागिरांची नोकरी एका फटक्यात गेली. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला तर दुसऱ्या एका स्टुडिओनं तीन महिन्यांचा पगार न देता घरी पाठवलं. हे सगळं मला ठाऊक आहे. पण या दुःखाचं कारण इन-बिट्वीनिंग नाही. कारण आहे कामाचा दर, तारखांचा ससेमिरा, आणि निर्णय दूरच्या कोणाच्या तरी हातात असणं. जपानमध्ये मधल्या चित्रांचे पैसे चित्रागणिक मिळतात, साधारण 200 येनच्या आसपास. त्या दरात पोट भरायचं तर विचार करायला सवडच मिळत नाही. अशा कामाला रटाळ म्हणणं सोपं आहे, पण त्याला रटाळ केलं दरानं. मग उपाय दरावर करायचा की माणसावर?

हमालीतून वर जायचं तर हमालीचं काम टाकून द्यावं लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी क्योतो ॲनिमेशनचं उदाहरण पुरेसं आहे. तो स्टुडिओ उभा करणाऱ्या योको हात्ता या बाई एकेकाळी चित्रकथाकार तेझुकांच्या मुशी स्टुडिओत सेल रंगवायच्या. लग्नानंतर क्योतोजवळच्या उजीत राहायला गेल्यावर त्यांनी शेजारपाजारच्या गृहिणी जमवल्या आणि 1981 साली तोक्योच्या स्टुडिओंचं रंगकाम घ्यायला सुरुवात केली. म्हणजे उतरंडीतली सगळ्यात खालची हमाली. तिथून त्यांनी थेट ‘आपल्या गोष्टी, आपले हक्क’ अशी उडी मारली नाही. रंगकामाला क्लीन-अप म्हणजे रेषा स्वच्छ करणं, इन-बिट्वीन, मग मुख्य ॲनिमेशन, मग दिग्दर्शन अशा एकेक पायऱ्या त्यांनी जोडल्या. माणसं महिन्याच्या पगारावर ठेवली. स्वतःची शाळा काढली. पुढे ‘अ सायलेंट व्हॉइस’सारखा चित्रपट याच स्टुडिओनं केला. त्यात एक मुलगी हातांच्या खुणांनी बोलते, आणि बोटांच्या मधल्या हालचाली चुकल्या असत्या तर तिचं बोलणंच चुकलं असतं. 2019 साली जाळपोळीत या स्टुडिओचे 36 लोक गेले. तरी पुढच्या वर्षी त्यांचा ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ पडद्यावर आला. मला वाटतं, ते उभे राहू शकले कारण विद्या दोन-चार नामवंतांपाशी अडकलेली नव्हती.

इतर जपानी स्टुडिओंनी 1970च्या दशकापासून मधली चित्रं देशाबाहेर धाडायला सुरुवात केली. स्वस्त पडायची. आज त्यांना चांगले मुख्य ॲनिमेटर मिळेनात. मधल्या पायऱ्या परदेशी पाठवल्या तर वरच्या पायरीवर चढून येणार कोण?

आणि ‘आपल्या गोष्टी’. गोष्टींचा दुष्काळ आपल्याला कधीच नव्हता. व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’ 2005 साली चालला. 2025 साली ‘महावतार नरसिंह’नं 300 कोटींहून अधिक गल्ला जमवला. प्रेक्षक आहे, पैसा आहे, पुराणं आहेत. उणीव हालचालीची आहे. टीव्हीवरचं आपलं बरंचसं ॲनिमेशन आवाज बंद करून पाहा. पात्र उभं राहतं, तोंड उघडझाप करतं, एक हात वर जातो, खाली येतो. रागावलेला राजा आणि रागावलेला शेतकरी एकाच पद्धतीनं हलतात. गोष्ट आपली, पण अंगात कोणाचंच रक्त नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचा चित्रकथी एकेक स्थिर चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गातो. पुढचं चित्र कधी उचलायचं, गाणं कुठे लांबवायचं, हे तो ठरवतो आणि रणांगण हलायला लागतं. त्याच्याकडे सेकंदाला 24 चित्रं नाहीत, पण दोन चित्रांच्या मधल्या वेळेवर त्याची हुकमत आहे. आपली परंपरा म्हणून पोथीतलं चित्र घ्यायचं आणि ही हुकमत सोडून द्यायची, याला परंपरा जपणं म्हणत नाहीत.

शेवटचा आक्षेप पैशाचा: शिकाऊ मुलांना पोसायचं कोणी? छोटे स्टुडिओ खरोखर अडचणीत आहेत, आणि हा भार एकट्या त्यांच्यावर टाकणं अन्याय होईल. पण आता सरकार या क्षेत्रात पैसा घालायला निघालंच आहे. महाराष्ट्रानं 2025 साली ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. सरकारचा हा पैसा जागा, सवलती आणि यंत्रं यांतच संपला तर दहा वर्षांनी यंत्रं जुनी झालेली असतील आणि ती चालवणारा ॲनिमेटर नसेल. माझी मागणी साधी आहे. जो स्टुडिओ अनुदान घेईल, त्यानं ठरावीक प्रमाणात कनिष्ठ ॲनिमेटर महिन्याच्या पगारावर किमान दोन वर्षं ठेवावेत, त्यांचं काम रोज तपासणारा एक सिनियर नेमावा, आणि त्या सिनियरच्या पगाराचा अर्धा वाटा अनुदानातून द्यावा. चित्रागणिक दर बंद. श्रेयनामावलीत प्रत्येकाचं नाव. मुंबईच्या त्या संस्थेत शिक्षणाच्या पहिल्या वर्षात संगणकाच्या आधी लाइट बॉक्स आणि पेग बार. धोरणाच्या अंमलबजावणीचे नियम ठरवताना ही कलमं त्यात घालता येतील, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.